बाबांच्या पेल्यात पाणी नको

९ मे

प्रिय ताई,

तुझं चार ओळींचं पत्र परवा मिळालं. चार तर चार, पण तुझ्या अक्षरात होत्या म्हणून आईने त्या दोनदा वाचल्या. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. ऊन मी म्हणतंय. सलूनच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो.

तू कलिंगडाच्या बर्फाची कृती मागितलीस. आईने फोनवर तुझ्याजवळ फारच कौतुक केलेलं दिसतंय. आता नीट लिहिते, नाहीतर तुझं बिघडायचं आणि मला रुखरुख लागून राहायची.

कलिंगड चांगलं पिकलेलं घे. बिया काढून मिक्सरमधून फिरव आणि गाळून घे. त्यात लिंबू पिळ, चिमूटभर मीठ घाल, मग साखर. सगळी मेख साखरेतच आहे. कमी पडली तर दगड होतो, जास्त झाली तर ते गोठायचं नावच घेत नाही. चव बघताना वाटायला हवं की थोडं जास्तच गोड झालंय. गार झालं की तो गोडपणा बसतो. मग पसरट ताटात ओतून ताट बर्फाच्या कप्प्यात ठेव. खोलगट भांडं नको. आधी कडा गोठतात, मधलं तसंच राहतं. कडा धरल्या की काट्याने खरवडून मध्ये आण आणि परत ठेव. असं करत राहायचं. मध्येच बाजारात वगैरे गेलीस तर संपलं, मग सुरी घेऊन बस फोडत. शेवटी भिजवलेल्या रव्यासारखं मोकळं झालं पाहिजे. पेल्यात भरून वरून थोडं थंड पाणी घातलं की पिता येतं. द्राक्षांचंही छान होतं, पण सालं गाळता गाळता जीव जातो.

बाबांच्या पेल्यात मात्र पाणी घालायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. त्यांना घट्टच आवडतं म्हणे.

घरातला चहा आईने बंद केलाय. "एवढ्या उन्हात उकळतं काय ढोसायचं?" असं तिचं म्हणणं. दुकानात गिऱ्हाइकांनाही आम्ही हेच देतो. बेकरीवाले काका तर दाढी वाढायच्या आत येऊन बसतात. आई त्यांना म्हणाली, "काल तर करून गेलात!" तर म्हणतात, "वहिनी, दाढी उन्हाने लवकर उगवते."

बाकी विशेष नाही. निवृत्त हेडमास्तर तुझी चौकशी करत होते. दुसऱ्या खुर्चीवर अजून वर्तमानपत्रांचा गठ्ठाच आहे.

तुझी,
फुटपट्टी

२६ मे

प्रिय ताई,

मागच्या पत्रात "आम्ही सगळे ठीक आहोत" असं लिहिलं होतं. ते वाक्य तेव्हापासून मला टोचतंय. लहानपणी माझ्या सततच्या आजारपणामुळे शाळा लांबली आणि बाबांनी मला दुकानातच, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहायला शिकवलं, हे तुला आठवतच असेल. चुकलं तर ते पुसू द्यायचे नाहीत. त्यावर फुटपट्टीने रेघ मारून शेजारी खरं लिहायला लावायचे, तेव्हापासूनच तर तू मला फुटपट्टी म्हणतेस. तसंच आता करते.

बाबांचा उजवा हात थरथरतो.

हिवाळ्यात सुरू झालं. आधी आम्हाला वाटलं थंडी. मग चहा बशीत सांडायला लागला, मग शर्टावर. गिऱ्हाइकांसमोर एकदा सांडला आणि त्या दिवसापासून दुकानात ते चहाला हातच लावेनात. आईला तेव्हा ही युक्ती सुचली. गोठलेलं सांडत नाही ना! पेला कितीही हलला तरी ते आतल्या आत बसून राहतं. आणि बाबांना एकट्यालाच दिलं तर ते ओळखतील, म्हणून सगळ्यांना. चहा बंद झाला तो यासाठी, ऊन हे निमित्त. माझं सकाळपासूनचं खरवडणंही यासाठीच. मी साखरेचं प्रमाण इतकं बारकाईने का सांगत होते ते आता तुला कळलं असेल. थोडं पातळ झालं तरी माझा जीव खालीवर होतो.

तुला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. "ती दयेपोटी येईल आणि मग बापलेक आयुष्यभर एकमेकांवर उपकार करत बसतील," असं ती म्हणाली. मलाही ते पटलं होतं.

पण आमची अक्कल बघ. पेला सांभाळला आणि वस्तरा विसरलो! गार प्यायला मिळतं म्हणून दुकानात गर्दी वाढली. घरी दाढी करणारेसुद्धा येऊन बसू लागले. जो हात आम्ही झाकत होतो, त्याच हाताखाली रोज जास्त माना येऊ लागल्या, आणि आणत होतो आम्हीच. बाबा मनगट टेकवून, श्वास धरून वस्तरा चालवायचे. मी टॉवेल घड्या करत समोरच्या आरशात बघत राहायची. एकदा हेडमास्तरांच्या कानाखाली लागलं. बाबा तुरटी शोधू लागले तर ते म्हणाले, "उस्ताद, मीच मान हलवली." त्यांनी मान हलवली नव्हती. मी पाहत होते.

त्या दिवसानंतर मला अन्न गोड लागेना. बाबांना सांगावं तर त्यांचं मन मोडतं, न सांगावं तर कुणाच्या तरी गळ्याशी खेळ. रोज सकाळी ठरवायची की आज बोलायचं, आणि रोज ताट काढून खरवडायला बसायची.

परवा शुक्रवारी दुकान भरलेलं होतं. हेडमास्तर खुर्चीत, एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. बाबांनी वस्तरा उचलला, तसाच धरून थोडा वेळ उभे राहिले आणि मग खाली ठेवला.

"पाणी आण," मला म्हणाले. "साधं. काठोकाठ भरून."

आई आतून लगबगीने आली. "अहो, ते गार तयार आहे ना. पाणी कशाला?"

"साधं म्हणालो मी."

मी पेला दिला. ताई, मी तो निम्माच भरायला हवा होता का, हे मी अजून स्वतःला विचारते. पण त्यांनी काठोकाठ सांगितलं होतं. त्यांनी तो सगळ्यांसमोर उजव्या हातात घेतला आणि ओठांपाशी नेला. ओठांपर्यंत फारसं काही पोचलं नाही. हेडमास्तरांच्या अंगावरचं कापड भिजलं, जमीन भिजली.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. "आता सांगा, कुणाला दाढी करायचीय?"

मग बेकरीवाले काका कोपऱ्यातून म्हणाले, "उस्ताद, मी तर नुसता बर्फ खायला येतो. दाढीचं तुम्हीच दरवेळी मध्ये काढता." सगळे हसले. बाबाही हसले, आणि हसता हसता खाली बसले.

हेडमास्तर उठले. आरशासमोर उभं राहून त्यांनी उरलेला गाल स्वतःच केला आणि दोन ठिकाणी कापून घेतलं. "बघा," ते म्हणाले, "माझा हात तर दगडासारखा आहे, तरी ही गत."

गर्दी पांगल्यावर बाबा आईला म्हणाले, "इतके दिवस दोघी मिळून मला बर्फ चारताय. मी काय दूधखुळा आहे? दाढा ठणकतात माझ्या. तुमचं मन मोडायचं नव्हतं म्हणून गिळत होतो." आई पदराने जमीन पुसायला लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

काल डॉक्टरांकडे गेलो. जिवाला धोका नाही. ताई, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते. भीतीपोटी तू काही ठरवू नयेस. औषधाने हात थोडा सावरेल, पूर्वीसारखा होणार नाही. यंत्राने केस कापता येतील, वस्तरा बंद.

घरी येताना बाबांनी मला विचारलं, "तू शिकशील?" मी खरं सांगितलं. माझा हात हलत नाही, पण मन हलतं. कुणाच्या गळ्यावर पातं टेकवलं की मला त्याची बायको, मुलं, सगळी दिसतील. ते म्हणाले, "मग नको."

संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून रद्दीवाल्यासाठी दारात ठेवला. मग म्हणाले, "थोरलीला लिही."

"काय लिहू? ये म्हणून?"

"नाही. बोलावू नकोस. विचार." पुढे म्हणाले, "तिने ही खुर्ची मागितली तेव्हा, गिऱ्हाईक मुलीच्या हातात मान देणार नाही, असं मी तिला सांगितलं होतं. हेडमास्तरांना मी आज विचारलं, तिच्याकडून करून घ्याल का. तर म्हणाले, तेव्हा आम्हाला विचारलं होतंस कुठे? खरंय त्यांचं. मी कुणालाच विचारलं नव्हतं. तिलाही नाही."

म्हणून विचारते. दुसरी खुर्ची रिकामी आहे. तुला ती हवी आहे का?

तिथे तुझं बस्तान बसलंय, तुझी स्वतःची गिऱ्हाइकं आहेत, हे बाबांना ठाऊक आहे. नको असेल तर नको म्हण. इथे कुणी रुसणार नाही, आईचं मी बघून घेईन. आम्ही केस कापून आणि टॉवेल धुऊन दिवस काढू. दयेपोटी मात्र येऊ नकोस. आलीसच तर तुला ती खुर्ची तेव्हा हवी होती तशीच आजही हवी आहे म्हणून ये.

एकच मागणं आहे. उत्तर जे काही असेल ते माझ्या नावावर पाठवू नकोस. पाकिटावर बाबांचं नाव घाल. ते स्वतःच्या हाताने फोडतील. वेळ लागेल, कागद थोडा फाटेलही, पण मी मध्ये हात घालणार नाही.

तुझी धाकटी,
फुटपट्टी