राखून ठेवलेली ओळ

दि. ४ मार्च १९९९

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो हे तीन ओळी भरून लिहिलंस. चालायला जातोस का, ते एकाही ओळीत नाही. समजले.

आता कामाचं. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांचा चर्चच्या भिंतीतला दगड आम्ही धुऊन घेतोय. समिती माझ्या गळ्यात पडली, म्हणजे मीच पाडून घेतली. दगडावर चौदा नावं आहेत, आपल्या मोठ्या काकांचं नाही. नवव्या नावाखाली एक ओळ कोरी आहे. तो पाथरवटाचा हलगर्जीपणा, असं मी जन्मभर समजत आले. काल पाळकसाहेबांनी जुनी वही काढली. त्यात काकांपुढे नोंद आहे: ‘बेपत्ता. आई सही देत नाही. ओळ राखून ठेवावी.’

पाथरवट महिनाअखेरपर्यंत इथे आहे. सही सख्ख्या नातलगाची लागते, म्हणजे आत्याची. ती तुझ्याकडेच आहे, तेव्हा सोबतच्या अर्जावर घे आणि उलट टपाली पाठव. आळस नको.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

अर्ज परत पाठवतोय, कोरा. ‘मृताशी नातं’ या रकान्यात तू आधीच ‘बहीण’ भरून ठेवलंस, तेही लाल शाईनं! आत्या काय तुझ्या वर्गात आहे? तिनं तो वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, तुझ्या बहिणीला विचार, माझ्या भावाला मारायची एवढी कसली घाई? तेव्हापासून माझ्याशीही अबोला. करतेस तू, भोगतो मी.

आजीनं जाताना तिच्याकडून वचन घेतलं होतं, की तो येईपर्यंत त्याचं नाव दगडावर जाऊ द्यायचं नाही. हे मलाही तिनं अबोला धरण्याआधी सांगितलं तेव्हाच कळलं.

रागावू नकोस, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त.

तुझा धाकटा

दि. १६ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

चुकले. हा शब्द लिहायची मला सवय नाही, म्हणून आधी लिहून टाकला. अर्ज फाडलाय. तुझी इच्छा नसेल तर ओळ कोरीच राहील. पाथरवटाला तसं सांगून ठेवलंय.

पण दगड धुताना बाया विचारतात, इथे कोण? मला काकांचे फक्त बूट आठवतात. बाकी सगळ्या आठवणी तुझ्याजवळ आहेत. सही नको, ते कसे होते एवढं लिहून पाठव.

तुझी भाची, शिक्षा भोगायला तयार

दि. २२ मार्च

चि. मास्तरीणबाईस उत्तम आशीर्वाद.

तो बेसूर होता. गायकवृंदात त्याला नुसते ओठ हलवायची ताकीद होती. मला सायकल त्यानंच शिकवली. मागून धरलंय म्हणायचा आणि धरलेलं नसायचं. चार दिवस लिहीत बसले, वही भरली. धाकटा पोचती करील.

आईला दिलेला शब्द मी पन्नास वर्षं पाळला. आता मी अठ्ठ्याहत्तरची. माझ्यामागे त्याची वाट कोण बघणार? तुला समित्या, धाकट्याला दुखणी. तेव्हा ते काम दगडावर सोपवू. नवा अर्ज पाठव. ‘मृत’ खोडून ‘बेपत्ता’ लिही, दगडावरही नावापुढे तेच कोरायला लाव, म्हणजे सही करते. शाई कुठलीही चालेल.

आणि तो आलाच, आणि दगडावर स्वतःचं नाव बघून भडकला, तर तुम्ही घाबरू नका. सरळ माझ्याकडे पाठवा. बोलायचं मलाही पुष्कळ आहे.

लोभ असतोच, पत्र मात्र लिहावं लागतं.

तुझी आत्या