डावं पुढचं चाक

३ फेब्रुवारी, सोम.
पिकअप घरी आली. अपघातानंतर दीड महिना पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी होती. टपावर पाखरांनी आपापला अभिप्राय नोंदवलाय. सोबत तपासणीचा कागद : ‘ब्रेक चालू स्थितीत.’ तपासणारा सीटवर बसला, एकदा पॅडल दाबलं, उतरला, चहा प्यायला. मी तिथंच होतो. इतक्या कमी वेळात आमच्याकडं मुलगीसुद्धा पसंत करत नाहीत.

दादाचा दोस्त वसंता बसला होता ते डावं दार पत्रेवाल्यानं ठोकून सरळ केलंय. आतली गादी मी काढून टाकायला लावली.

संध्याकाळी दादानं हाक मारली. मांडीत सळई घातल्यापासून तो ओसरीतल्या बाजेवरच असतो, आणि दिवसाला चार शब्दांवर भागवतो. आज एकदम बोलला. “बापू, तू कारखान्यात फिटर हुतास. चाकं उघड. ब्रेक लागला न्हाय, का म्या दाबलाच न्हाय, एवढं बघून सांग. मला आठवंना.”

त्याला म्हैस आडवी आलेली आठवते. मग उसाच्या ट्रॉलीचा दिवा. मधलं काही नाही. गाडी उजवीकडं वळून रस्त्यात आडवी झाली, ट्रॉली डाव्या दारावर आली. गावानं निकाल कधीच दिलाय : डोळा लागला. वसंताच्या तेराव्याला त्याची बायको सुनंदा सगळ्यांसमोर म्हणाली, झोप येत हुती तर माझ्या माणसाला नेलं कशाला. दादानं मान खाली घातली ती अजून वर नाही.

४ फेब्रुवारी, मंगळ.
उजवं पुढचं चाक उघडलं. अंगणात जॅक लावला, खाली दगड दिले. येणारा-जाणारा थांबून सल्ला देऊन जातो. आयुष्यात सायकलची चेन न बसवलेले लोक. एकजण म्हणाला, गाडीच विकून टाका, अपशकुनी हाय. त्याच्या घरात तीन माणसं गेली, घर विकलं नाही.

उ. चाकाचा ब्रेक उत्तम. पॅड झिजलंय, पण सगळीकडून सारखं. डिस्क तापून निळी पडलीय. म्हणजे या चाकानं जीव तोडून धरलं होतं.

म्हणजे पॅडल दाबलं गेलं होतं?

दादाला उद्या सांगू. डावं बघायचंय.

५ फेब्रुवारी, बुध.
डा. चाक. पॅड बाहेर काढलं तर काळं, तुळतुळीत, चंपी केलेल्या डोक्यासारखं. हात लावला की बोट घसरतं. डिस्कवरही तोच थर. आधी वाटलं, ग्रीस फुटलं असेल. पण सील शाबूत. ब्रेकचं ऑइल गळालं म्हणावं तर नळी कोरडी. बोट हुंगलं. पुन्हा हुंगलं.

करडीचं तेल. चटणीवर घेतो ते.

कुणी मुद्दाम घातलं? आमच्यावर जळणारे आहेत गावात, पण घाण्याचं तेल आमच्या चाकात वाया घालवेल इतका उदार एकही नाही.

बेअरिंगही काढलं. रोलरवर खड्डे पडलेत, हातात फिरवलं तर खरखर. तेही बदलायला झालंच होतं. पण त्यानं गाडी अशी आडवी फेकली जात नाही. उजव्यानं धरलं, डावं तेलावर घसरलं, म्हणून ती उजवीकडं फिरली. दादानं ब्रेक दाबला होता. पुरा दाबला होता.

सांगायला उठलोसुद्धा. मग म्हटलं, तो विचारणार, तेल आलं कुठून. आधी तेवढं कळू दे.

६ फेब्रुवारी, गुरु.
सामानाला धाराशिवला. दोन्हीकडचे पॅड, बेअरिंगचे जोड, सील, ग्रीस. दुकानदार म्हणाला, घरी कशाला करताय, गॅरेजला द्या. म्हटलं, घरातलंच दुखणं आहे.

येताना साप्ताहिकाच्या संपादकाचा फोन. माझं विनोदी सदर पोचलं नाही. काहीतरी खुसखुशीत द्या म्हणे.

तेलाचा उलगडा नाही. वहिनींना विचारायचं मनात आलं, त्या ज्वारी पाखडत होत्या. नाही विचारलं. का नाही, ते लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्र.
बेअरिंगच्या जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमध्ये भरलं. नट आवळत चाक फिरवलं, मग जरासा ढिला. आवाज नाही. एवढं एक काम जगात सरळ होतं.

राहिली ब्रेकची हवा काढायची. एकानं सीटवर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवा सोडायची. दादाचा पाय कामाचा नाही. वहिनींना बसवलं. या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पदर खोचून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, गाडी पळून जाईल असं.

दाबा. दाबलं. सोडा. सोडलं.

पाचव्या-सहाव्या वेळेला वरून हलक्या आवाजात म्हणाल्या, “भावजी, एक सांगू का. ह्यांना म्हणू नका. त्या शनवारी म्या तेल घातलं न्हाय.”

कसलं तेल, मी चाकाकडं बघत विचारलं.

मग सगळं सांगितलं. गाडी घेतल्यापासून चार वर्षं, दर शनिवारी, पारावरच्या मारुतीला तेल घालून झालं की वाटीच्या तळाचं थोडं राखायचं आणि घरी येऊन गाडीच्या चाकाला घालायचं. गाडी उभी असते ती डावी बाजू दाराकडं करून, म्हणून डावंच चाक. टायरवर घातलं तर धुळीत जातं, म्हणून चाकाच्या भोकांतून आत सोडायचं, मधोमध. नवरा रोज रस्त्यावर, दुसरं बाईनं करायचं काय. त्या शनिवारी अडचण आली होती, म्हणून मारुती नाही आणि चाकही नाही. सोमवारी हे झालं.

“वसंता भावजी माझ्यामुळं गेले,” म्हणाल्या.

चार वर्षं मुरलेलं तेल एका शनिवारानं वाळत नाही. हे मनात. तोंडानं म्हणालो, परत दाबा.

दाबलं.

८ फेब्रुवारी, शनि.
सकाळी वहिनी वाटी घेऊन चाकापाशी हजर. त्या चुकलेल्या शनिवारची भरपाई म्हणून वाटी आज काठोकाठ. मी आडवा झालो. नवीन सामान आहे, वरून काही घालायचं नसतं, सगळं मारुतीलाच घाला, गाडीचं तो बघून घेईल. ऐकलं, पण तोंड उतरलं. चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि गेल्या.

दुपारी दादानं विचारलं, “सापडलं का?”

दोन वाटा होत्या. तेल सांगितलं तर तो सुटतो आणि वहिनी अडकतात. नाही सांगितलं तर तो असाच बाजेवर, मान खाली. मला तिसरी सुचली. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो, आता लिहिताना लाज वाटते. जुनं बेअरिंग त्याच्या हातावर ठेवलं. म्हणालो, “डावं बेअरिंग गेलं होतं, त्यानं गाडी ओढली. ब्रेक तू दाबला होतास दादा. डोळा लागला नव्हता.”

यातलं निम्मं खरं आहे. काळे पॅड मी आधीच पोत्यात बांधून ठेवले होते.

त्यानं बेअरिंग कानाशी नेऊन फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिला.

९ फेब्रुवारी, रवि.
सकाळी जेवला नाही. दुपारीही नाही. वहिनींनी ताट तसंच उचललं. मग मला बोलावलं. बेअरिंग उशाशीच.

“आवाज येत हुता, बापू. म्हैनाभर. डाव्या अंगानं, घरघर. वसंताच म्हणला हुता, दाखवून घे. म्या म्हणलं, ऊस संपू दे.”

मी म्हणालो, आवाज सगळ्याच गाड्यांना असतो.

“डोळा लागला असता तर बरं हुतं,” म्हणाला. “झोपंपुढं माणूस काय करणार? हे म्या जागेपणी केलंय.”

शाबास फिटर. नको त्याच जागी नट आवळला.

संध्याकाळी त्यानं सुनंदाकडं निरोप धाडला, उद्या सकाळी येतो, बोलायचंय. तिला तोंडानं सांगणार. आवाज येत होता, वसंतानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. केसचा वकील म्हणाला होता, कुणाजवळ काही कबूल करू नका. आठवण करून दिली. दादा म्हणाला, वकिलाला बायको-पोरं हायत का? मग त्याला काय विचारायचं.

१० फेब्रुवारी, सोम. सकाळ
पहाटे गाडी तेर गावच्या रस्त्याला नेऊन बघितली. रिकाम्या रस्त्यावर तीनदा जोरात दाबला. सरळ थांबते.

दादाला काखेत धरून पुढं बसवलं. पांढरा शर्ट घातलाय. दीड महिन्यात पहिल्यांदा दाढी. रात्रीच ठरवलं होतं, गाडीत त्याला सगळं सांगायचं. दोघंच असू. आधी त्याच्याकडून शब्द घ्यायचा, वहिनींना कधी कळू देणार नाही म्हणून. तो देईल. पाळेलही बहुतेक.

वही घ्यायला आत आलो, तर वहिनी नवं लुगडं नेसून उभ्या. म्हटलं, तुम्ही कुठं?

“म्या पण येते. ते सगळं स्वतःवर घेत्यात. चाकाला तेल घालायचं म्याच चुकवलं, हे सुनंदाला सांगायलाच पायजे. त्यांच्या देखत सांगते.”

म्हटलं, नका. का, म्हणाल्या. मी वही शोधायला लागलो.

दादा पंचवीस वर्षं ड्रायव्हर. चाकात तेल एवढं कानावर आलं की पुढचं त्याला कुणी सांगायला नको. तो तिथंच काय करेल, तिच्याकडं बघेल का, काही बोलेल का, सुनंदासमोर —

वहिनी कडी घालतायत. पुढं तिघं बसणार, त्या मधे.

आता इथं दारात थांबवून त्यांना तेलाचं खरं सांगायचं, का —

दादानं हॉर्न दिला.