गालावरचा ठिपका

प्रिय चिमणे,

दादाचं स्टुडिओतलं टेबल काल रिकामं केलं. आरसा तुझ्यासाठी ठेवलाय. चित्रं काढताना तो त्यात बघून तोंडं वेडीवाकडी करायचा आणि तेच कागदावर उतरवायचा. बेडकाचा रुसवा, बेडकाचा रुबाब, सगळं त्याचंच तोंड. तुझी आई म्हणायची, लग्न माणसाशी केलं होतं, पदरात बेडूक पडला.

दादाच्या त्या सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये बेडूक डबक्याचा राजा होतो आणि माशांना श्वास घ्यायलाही परवानगी मागायला लावतो. तपासणी अधिकाऱ्यांनी छोट्या पडद्यावर पाहिलं, हसले, मुलांसाठी म्हणून पास केलं. थिएटरात मात्र राजाचा चेहरा पडदाभर आला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले मोठे साहेब!" अख्खं थिएटर हसलं. बेडकाच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता, देश चालवणाऱ्या साहेबांच्या रोज पेपरात येणाऱ्या फोटोत दिसायचा तसाच. चौथ्या दिवशी पोलिसांनी दादाला नेलं. सहा वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पेन्सिल ठरत नव्हती, आणि नऊ वर्षांची तू त्याला काका म्हणालीस.

परवा त्याला स्मशानात पोचवून आल्यावर तू म्हणालीस, "एका ठिपक्यासाठी बाबांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं." बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितेय.

दादा पेन्सिलीने काढायचा, मी ते पारदर्शक शीटवर शाईने गिरवायची. त्या दृश्याच्या चौऱ्याण्णव शीट होत्या. दादाच्या कागदांवर ठिपका नव्हता. पहिल्याच शीटवर माझ्या टाकातून थेंब पडला, नेमका गालाच्या रेघेवर. पुसला असता तर रेघही गेली असती, आणि जादा शीट नव्हती. एकाच शीटवर डाग राहिला तर तो पडद्यावर लुकलुकतो. म्हणून मी उरलेल्या सगळ्या शीटवर त्याच जागी ठिपका दिला. तो कुणासारखा दिसतोय, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

पोलीस स्टुडिओत आले, ठिपका कुणी काढला विचारलं, तेव्हा मी उठले होते. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बस. शाई ओली आहे अजून." मग त्यांना म्हणाला, माझाच आहे. आणि मी बसले, चिमणे. तुझ्या आईलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुझा राग चुकीच्या माणसावर आहे. तो माझ्या वाट्याचा आहे. ये आणि मला बोल.

तुझीच,
आत्या