नवमीचा दुपारचा पहारा

आबा,

तुमचे गुडघे आता कसे आहेत? सकाळी उठताना भिंतीला हात लावायला लागतो, की तिकडे गेल्यावर ते दुखणं सुटलं? आईचा दमा काय म्हणतो? थंडी पडली की तिला पाठीशी दोन गोधड्या देऊन बसवायला लागायचं, तेवढं बघत असालच. आजीला थोडंफार ऐकू येतं का? धाकट्याचा कान वाहायचा, तो थांबला का? मृदंगवाल्या काकांच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यांना कोकमतेल लावायला कुणी आहे ना? तुम्ही सगळे एका ठिकाणी असाल असं धरून एकाच पत्रात विचारते. इकडचं विचाराल तर मी एकटीच उरले आहे. ऐंशी उलटून गेली. साखर आहे, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, हात कापतात. अक्षर वाकडं दिसलं तर ते त्या हातांमुळे, आणि शुद्धलेखन चुकलं तर ते माझं मीच शिकल्यामुळे. तुम्ही होतात तेव्हा मला अंगठाच उठवता यायचा. पुढे पोरांच्या पाट्यांवरून आणि दुकानांच्या फलकांवरून एकेक अक्षर जोडत गेले. पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं असं ठरवलं होतं आणि ते लिहायला म्हातारपण आलं बघा.

परवा नातवाच्या गाडीतून दापोडीवरून गेले. त्याला म्हटलं, जरा हळू घे, इथे आमची भजनाची खोली होती. तो म्हणाला, "आजी, इथे थांबता येत नाही, मागून हॉर्न मारतात." डोक्यावरून मेट्रोचा पूल, खाली दोन्ही बाजूंनी काचेची दुकानं. मला देऊळसुद्धा ओळखू आलं नाही, मग खोली कुठली यायला? पण डोळे मिटले की ती जशीच्या तशी उभी राहते. देवळाच्या अंगाला लांबट खोली, शेणानं सारवलेली, मधे चार लाकडी खांब. ते खांब तुम्ही घडवले होते. बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुताराच्या हातचे, म्हणून वरच्या टोकाला चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. मुंबई-पुण्याच्या रस्त्याकडे दोन खिडक्या आणि त्या खिडक्यांखाली बाहेरून आम्ही बायका. गुरुवारी चऱ्होलीची, तळवड्याची भजनी मंडळी बैलगाड्या जुंपून यायची. एका गावानं चाल टाकायची, दुसऱ्यानं उचलायची. कुणाचा आवाज फाटला की हशा पिकायचा आणि मृदंगवाले काका म्हणायचे, "गळ्याला वंगण घाला राव, चाक करकरतंय!" सगळे तुमच्याकडे बघून हसायचे.

मृदंगाच्या डाव्या पुडीच्या कातड्याला लावायला ओली कणीक लागते. ती कायम आपल्या चुलीपासून जायची. आई गुरुवारी एक गोळा जास्तीचा मळायची. मी तो वाटीत घालून दारापर्यंत न्यायची आणि तुम्ही उंबऱ्याच्या आतून हात पुढे करून घ्यायचात. आमच्या घरची कणीक आत जायची, आम्ही खिडकीखाली. त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू? सगळ्यांच्या घरी तसंच होतं.

उलट वाटायचं की मला जास्तच मिळालंय. कारण स्वयंपाकघरात तुम्ही माझे होतात. मी भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीपुढे पाय शेकत बसला आहात आणि कालची चाल गुणगुणता आहात. मी मागून धरते. भाकरी उलटायच्या नादात माझा सूर घसरतो. तुम्ही लगेच, "आगं, चाल सांडली. भाकर करपली तरी चालंल, चाल सांडू नगंस." आई चिडते, "व्हय, भाकर करपू द्या आन् खावा मग चाल!" तुम्ही हसता आणि पहिल्यापासून सांगता. आळंदीहून एकदा माझ्यासाठी पितळेच्या छोट्या टाळांची जोडी आणलीत. आत्या म्हणाली, पोरीला कशाला टाळ? तुम्ही म्हणालात, "तिला ताल हाय." एवढंच. आबा, त्या तीन शब्दांवर मी पुष्कळ वर्षं काढली.

सन पन्नासच्या पुढे गाव बदलायला लागलं, तुम्हीच डोळ्यांनी पाहिलंत. पिंपरीकडे कारखाना उभा राहिला, आपल्याकडे एस.टी.चं वर्कशॉप आलं, रस्त्यानं लॉऱ्या धावायला लागल्या. चाकं करून घ्यायला कुणी येईना. तुम्ही दारासमोर बाभळीचे ओंडके रचून ठेवायचात आणि ते तसेच वाळवी लागून पडायचे. गावातले बापये पाळीवर जायला लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, हे शब्द आपल्या बोलण्यात आले. त्यांना दोष देणार कोण? घरात पोरं होती, पोरांना अंगात सदरा हवा होता. पण गुरुवारी खोलीत आधी अर्धी माणसं दिसायला लागली, मग पाच-सहा, मग तुम्ही आणि मृदंगवाले काका. तळवड्याची गाडी यायची थांबली. काकाही शेवटी वर्कशॉपात लागले. पहिल्या दिवशी खाकी चड्डी घालून आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या टाळूवर हात ठिवून सांग, मृदंग इकला न्हाईस ना?" ते हसले आणि हसता हसता रडले.

तरी माघाचा सप्ता राहिला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, तिची तार थांबू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पायावर डोकं ठेवून. पहारे घराघरांना वाटून दिलेले, आज्या-पणज्यांपासून. नवमीच्या सकाळचा पहारा आपल्या घराचा आणि दुपारचा नदीकडच्या आळीतल्या काकांच्या घराचा. ते काका औषधांच्या कारखान्यात लागले होते. माझं लग्न झाल्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी किती आधीपासून मुकादमाच्या मागे लागून नवमीची रजा काढली होती.

त्या वर्षी नवमीला मी माहेरीच होते. तुम्हाला आठवडाभर ताप येऊन गेला होता. आई म्हणाली, ह्या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगा. तुम्ही म्हणालात, "कुणाला?" सकाळी तुम्ही वीणा गळ्यात घेतलीत. खोलीत दोन म्हातारे होते, त्यातले एक झोपलेले. दुपार झाली, काका आले नाहीत. मी तुमच्यासाठी भाताची पेज घेऊन दारापर्यंत आले, तर उभ्या उभ्या तुमचे पाय लटलटत होते. तोंडात नाम, डाव्या हातानं तार, आणि डोळ्यांनी मला म्हणालात, बघ जरा.

मी काकांच्या घरी पळत गेले. काकू तांदूळ निवडत होती. म्हटलं, "काकू, काका कुठायत? आबा कवाचे हुबे हायत." ती म्हणाली, "ते कामावर गेलं. पहारा उद्या हाय न्हवं? उद्याची रजा घेतलीया त्यांनी."

"आज नवमी हाय, काकू."

"आगं, अष्टमी आज!"

तिचा हात सुपातच थांबला. आम्हाला दोघींना एकदमच कळलं. त्या पंधरवड्यात अष्टमी गळाली होती. सप्तमीनंतर थेट नवमी. काकांनी रजा मागितली ती कारखान्यातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजून. कॅलेंडरातली तारीख कधी गळत नाही, पंचांगातली तिथी गळते. त्यांचे म्हातारे वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं, पण ते आदल्या पावसाळ्यात गेले होते.

मग मी दारोदार फिरले. सगळीकडे बायका. "ह्यांची पहिली पाळी." "ह्ये रात्री येत्यात." एके ठिकाणी एक मुलगा तापानं फणफणलेला. रस्त्यावर चहाची गाडी लावणारा एक परभणीकडचा भाऊ होता, त्याच्याकडेसुद्धा गेले. तो बिचारा गोंधळला. "ताई, म्या यीन बी, पण म्या अजून आंघोळ केली न्हाई, आन् तुमच्या गावाला म्या चालंन का, म्हायती न्हाई. कुणी बोललं तर?" त्याचंही खरंच होतं. मी परत फिरले.

संध्याकाळच्या पहाऱ्याला अजून बराच वेळ होता. तुम्ही खांबाला पाठ लावली होती. घामानं उपरणं भिजलेलं, ओठ पांढरे. नामाचा नुसता श्वास राहिला होता. जागा असलेला म्हातारा तुम्हाला म्हणाला, "मला उठवत न्हाई रे बाबा, न्हाईतर घेतली असती." मी उंबऱ्याच्या आत आले. आबा, जन्मात पहिल्यांदा मी त्या खोलीत पाऊल ठेवलं. डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. म्हटलं, "द्या माझ्याकडं. मला समद्या चाली येत्यात. तुमीच शिकवल्यात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या हातांकडे पाहिलंत. मग गळ्यातून वीणा काढलीत, वाकलात, आणि माझ्या हातांच्या बाजूनं खाली नेऊन घोंगडीवर ठेवलीत. तार थांबली. बाहेरून एक लॉरी गेली, तिचा आवाज खोलीभर घुमला. तुम्ही खांबाला धरून खाली बसलात आणि म्हणालात, "झालं."

संध्याकाळी पाळीवरून सुटलेले चौघे आले. त्यातला एक पुढे होऊन कुजबुजला, "आबा, कुणी बघितलं न्हाई. उचला, चालू करू." तुम्ही म्हणालात, "मी बघितलं." आणि वीणा उचलून खुंटीला अडकवलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकडचे काका आले. आंघोळ करून, धुतलेला फेटा बांधून, मागे काकू नैवेद्याचं ताट घेऊन. काकूनं रात्रीच सांगितलं होतं त्यांना, तरी आले. खुंटीवरची वीणा पाहून उंबऱ्यावरच बसले. "आबा, त्या मुकादमाफुडं किती हात जोडलं हुतं मी." तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवलात. "तुजी चूक न्हाई रं. तिथी गळाली."

त्यानंतर सप्ता झाला नाही. पुढच्या वर्षी त्या खोलीत कामगारांच्या सायकली लागल्या, मग रेशनचं दुकान आलं, मग भिंती पाडून वर दोन मजले चढले. तुम्ही पुन्हा गायला नाहीत. चुलीपुढे बसायचात, पाय शेकायचात, मी माहेरी आले की मुद्दाम चाल चुकवून गुणगुणायची, पण तुम्ही विस्तवाकडे बघत राहायचात. दोन वर्षांत गेलात. सगळं गाव म्हणालं, सप्ता मोडल्याचं दुःख घेऊन गेले. नदीकडचे काका तर मरेपर्यंत ती अष्टमी स्वतःच्या कपाळी लावून घेत होते. त्या दुपारी तिथे आणखी दोन हात होते, हे मात्र कुणाला माहीत नाही. म्हाताऱ्यानं कधी सांगितलं नाही, मी आईलासुद्धा सांगितलं नाही.

मी तुमच्या बाजूनं किती तऱ्हांनी विचार करून पाहिला. रूढीच तशी होती. तुम्हाला ताप होता, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. गाव काय म्हणेल याची भीती माझ्यासाठी वाटली असेल, सासरी मला त्रास होईल म्हणून. असेल, त्यातलं काहीही असेल. पण आबा, तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलं होतंत. जमिनीला टेकवली तर सात दिवसांचं मोडतं हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी तुम्हाला जमीन बरी वाटली. मी आयुष्यात वाईट दिवस पुष्कळ काढले, नवरा लवकर गेला, एक लेक गेली. पण मनातल्या मनात मी जिथे जाऊन बसते ती जागा ती घोंगडीच आहे.

आता मी चऱ्होलीत राहते, नातवाच्या फ्लॅटमध्ये. तुमच्या वेळी जिथे गाडी सोडून बैल चरायचे तिथे बारा मजले आहेत. आमच्या सोसायटीच्या बायकांचं भजनी मंडळ आहे. क्लबहाऊसमध्ये टाइल्सवर सतरंजी टाकून सप्ता बसवतात, आणि पहारे बायकाच देतात. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. नांदेडची एक सून आहे, कंपनीत इंजिनिअर, ती मोबाइलवर सगळ्यांचे पहारे लावते. ह्या माघात ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही जुन्या भजनातल्या. एक पहारा तुमच्या हातून होऊ द्या ना." मी नाही म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. वाकून पाया पडली आणि वीणा माझ्या गळ्यात घातली.

आबा, हात इतके कापत होते की तार बेसूर वाजायला लागली. तोंडातून चाल निघेना. ती पोर घाबरली, बाजूला उभी राहिली आणि थोड्याच वेळात हसत म्हणाली, "द्या आजी, राहू द्या." मी दिली. खाली टेकू दिली नाही, नीट तिच्या गळ्यात घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला.

हे सगळं लिहून झालं, आता पाकिटावर कुठला पत्ता घालू? उशीखाली ठेवीन, नातसुनेनं चादर बदलताना टाकून दिलं तर दिलं. तुम्हाला एकच सांगायचं राहिलं आणि ते सांगायला मला लाज वाटते. वीणा गळ्यात आली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, रडू नाही, काही म्हणजे काही नाही. पाठ दुखत होती तेवढं कळलं. जे तेव्हा मागितलं होतं ते मागणारी कुठे गेली, मला सापडत नाही.

तुम्ही त्या दुपारी माझ्या हातांकडे बघून काय ठरवलंत, तेवढं दोन ओळींत लिहून पाठवा. रागावून लिहिलंत तरी चालेल. पण लवकर पाठवा आबा, माझ्याकडे आता वाट बघायला फार दिवस नाहीत.

तुमची,
थोरली