पांढरं औषध आणि लिंबू

३ मार्च ८७, मंगळ.
मुंबईहून डायलिसिस करून चारला घरी. हे बोलताना फार अडखळतात. 'पानी' म्हणायचं तर 'पा… पा…' वरच अडकले. थकवा असेल.
किडन्या गेल्यापासून पाण्याचा घोटही जपून. त्यात ते हाडांसाठीचं पांढरं औषध, मेलं खडू कालवल्यासारखं. तोंड फिरवतात. वाडीतलं लिंबू पिळून दिलं की घेतात. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

१३ मार्च, शुक्र.
हाताला झटके. कप फुटला. आमच्या सुलूला हाक मारायला गेले तर पोटच्या पोरीचं नाव आठवेना. पोर रडत आत गेली. आणि मी ह्यांच्यावरच ओरडले! मग स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चाळिशीतला माणूस, वेड तर लागत नाही ना…

२४ मार्च, मंगळ.
डायलिसिसची सिस्टर लुर्दिन, अर्नाळ्याची. मला बाजूला घेतलं. "वयनी, भाऊंचं बोलनं बिघडलंय. औषध कशात देता?"
लिंबात म्हटल्यावर तशीच डॉ.कडे पळाली.
डॉ. म्हणाले, त्या औषधात अ‍ॅल्युमिनियम असतं. आपल्या किडन्या ते बाहेर टाकतात, ह्यांच्या टाकत नाहीत. मेंदूत साठतं. लिंबाने रक्तात जास्तच शिरतं, हे त्यांनाही अलीकडेच कळलं.
म्हणजे मीच.
"नाही बाई. औषध मी लिहून दिलं. कशात घेता हे विचारायचं कामही माझंच होतं."
एवढा मोठा माणूस, चूक अंगावर घेतो! पाया पडायला वाकले तर हात धरला.

२५ मार्च, बुध.
लिंबाचं झाड तोडायला कोयता काढला. सासूबाईंनी हातातून घेतला. "झाडानं काय केलं तुजं? मायेनं दिलंस ना?"
मायेने दिलं म्हणून विष कमी होतं का?
पण कोयता घेतला ते बरं केलं त्यांनी.

११ मे, सोम.
पांढरं औषध बंद. आता धातू ओढून काढणारं इंजेक्शन. इथे मिळेना, सिस्टरने आखातातल्या भावाकडून मागवलं. कोण कुठली बाई! काय देणार तिला? मोगऱ्याची ओंजळ नेली. तिने मेरीच्या तसबिरीपुढे ठेवली.
डॉ. सांगतात, कोणी सावरतं, कोणी नाही. सुलूचं नाव अजून…

१७ जून, बुध.
उजवा हात अजून उडतो. पण वाक्यं पुरी होतात, देवाची, डॉ.ची, लुर्दिनची कृपा.
आत्ता लिहायला बसले तर हे वहीत डोकावले. "आज गुरवार हाय."
म्हटलं, बुधवार. कालच नाही का मुंबईला जाऊन आलो?
"परवा गेलतो. तुला काय कललं नाय."
अगोबाई, भांडायला लागले! सुलूने कॅलेंडर काढून आणलं. गुरुवारच. अठरा तारीख.
हे हसले. मी ढसाढसा रडले. वरची तारीख खोडत नाही.