भिंतीकडे वळवलेला पेला

अ‍ॅशबर्न, ९ मार्च २०२४

आदरणीय सुमित्राताई यांस,

सविनय जयभीम. वि. वि. कांतासाठी शनिवारी आपल्या माणसांत बुद्धवंदना झाली. रविवारी ऑफिसचे लोक भेटून गेले. माझ्या टीममधल्या नीलांबरीनं सगळ्यांचं जेवण आणलं होतं. गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून दोन्ही दिवसांचे फोटो पाठवतो. फोटोजवळ कांताच्या जर्मन पेल्यात ट्यूलिप ठेवले होते. रेणू आईविना सावरते आहे.

आहे तो लोभ तसाच राहू द्यावा.
आपला, अतुल


अर्विंग, १७ मार्च

प्रिय अतुलराव,

सप्रेम जयभीम. फोनवर तुम्ही हं-हं करून सुटता, म्हणून लिहिते. शनिवारच्या फोटोत पेल्यावरचा माणूस दिसतो, रविवारच्या फोटोत मागची रंगवलेली फुलं. पेला कोणी वळवला?

कांता त्याबद्दल तासभर बोलायची. काचेच्या भुकटीचे रंग, भट्टीत भाजून कायमचे बसवलेले. कातडं कमावणाऱ्या एका जर्मन माणसानं आपलं काम, खाली आपलं नाव रंगवून घेतलं, आणि त्याच्या धंद्यातले सगळे त्या एका पेल्यातून प्यायचे. आम्हा बहिणींचे आजोबाही कातडंच कमावत. म्हणून तर तिनं तो घेतला. बिअरचा पेला घरात कशाला म्हणून तुम्ही कुरकुरलात, तेही तिचं सांगून झालंय.

जेवत जा. माझी माया आहेच, ती मागावी लागत नाही.
सुमित्राताई


अ‍ॅशबर्न, २५ मार्च

आदरणीय ताई,

सविनय जयभीम. पेला मीच वळवला, ऑफिसचे लोक यायच्या आधी. चित्र कोणाचं म्हणून विचारलं असतं, तर पुढचे प्रश्नही आले असते. रेणूनं पाहिलं.

काल नीलांबरी तिचे डबे न्यायला आली. मी तिला त्याच पेल्यात पाणी दिलं, चित्र तिच्याकडे करून, आणि आजोबांचं सांगायला लागलो. तिनं मला थांबवलं. म्हणाली, पेला घेतला तेव्हाच कांतानं तिला सगळं सांगितलं होतं. रविवारी तो वळवलेला तिला दिसला होता. मला अवघडायला नको म्हणून ती गप्प राहिली.

मला मान वर करता आली नाही. ती अर्धं पाणी प्यायली. ती गेल्यावर उरलेलं मी प्यालो. कांता असताना त्या पेल्याला मी कधी ओठ लावला नव्हता.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
अतुल