रावसपाशी थांबायचं

डहाणू, २०१९

प्रिय आई,

सुनेने ‘प्रिय’ लिहिलेलं ऐकून तुम्ही विचारलं असतंत, “काय पायजे हिला?” काही नको. काल डॉक्टरांनी माझी शेवटची गोळी बंद केली. सुनीलने पेढे आणले. सगळे हसले. एकानेही संशय घेतला नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही पुडा उचलून फळीवर ठेवला असतात. “थांबा जरा,” म्हणाला असतात.

२०१४ आठवतं? तलासरीच्या शाळेत शिकवताना शेवटच्या तासाला माझा आवाज नाकातून यायचा. डहाणूला घरी पोचेपर्यंत डावी पापणी अर्ध्यावर. सकाळी मात्र ठणठणीत! तुम्ही शेजारच्या मंजुळामावशींना सांगायचात, “शाळेत बडबडायला ताकद हाय. संध्याकाळची भांडी दिसली का हिचे डोळे मिटतात.” मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. चुकूनच का हो?

मुंबईच्या डॉक्टरांनी त्या पापणीवर बर्फ ठेवला. काही वेळाने काढला, तर पापणी वर! त्यांची शंका पक्की झाली. पुढच्या तपासण्यांनंतर आजाराला नाव मिळालं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. शरीराची स्वतःचीच राखण करणारी यंत्रणा स्नायूंना जाणारा निरोप अडवते. दिवसभर वापरलेला स्नायू संध्याकाळी हात टेकतो. थंडाव्याने थोडा वेळ उभा राहतो.

तुम्ही कोपऱ्यातून बोललात, “बर्फावर कालचा मासापन आजचा दिसतो. जन्मभर मासे विकले मी. मला नका सांगू.” डॉक्टर हसले. तुम्ही नाही.

पण त्यांनी मला छताकडे एकटक बघायला लावलं होतं, ते तुम्ही नीट पाहून ठेवलंत. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला, टोपली धुऊन झाली की, मला उंबऱ्यात उभं करायचात. “वर बघ गो.” मी आढ्याकडे बघायची. तुम्ही माझ्या पापणीकडे बघत माशांची नावं घ्यायचात. जवळा, करंदी, मांदेली, बोंबील, वाम, मुशी, शिंगाळा, रावस. तुमचं घड्याळ तेच.

सुरुवातीला मांदेलीलाच पापणी उतरायची. औषधं लागू पडली तशी मुशीपर्यंत टिकायला लागली. एका संध्याकाळी रावस झाला आणि पापणी जागच्या जागी!

आता सगळ्यांत मानाचं पापलेट तेवढं राहिलं. मी वर बघत उभीच. तुम्ही पदराला हात पुसत आत निघून गेलात.

पुढे रोज हेच. मी वेणी घालायला हात वर करू लागले. रात्रीची भाकरी शेवटच्या घासापर्यंत चावू लागले. शेवटच्या तासाला धडा मोठ्याने वाचू लागले. या गोष्टी कुणाला सांगाव्यात अशा नाहीत. मला मात्र प्रत्येक वेळी त्या उसन्या आणल्यासारख्या वाटत, आणि गोड लागत. तुम्ही रावसपाशी थांबत राहिलात. मला शंका यायची, यांना मी आजारीच हवी आहे का? आजारी सून वाद घालत नाही.

शेवटी विचारलंच. “पापलेट का नाही म्हणत?”

“होडी किनाऱ्याला लागली का?”

“कुठली होडी?”

“तुझी. होडी दर्यात असताना आमच्यात पापलेटचं नाव काढत नाय. मिळालं म्हटलं का जाळं फाटतं. मास्तरीण ना तू? एवढं कळत नाय?”

डॉक्टरही ‘बऱ्या झालात’ असं कधी म्हणाले नाहीत. ‘आजार शांत आहे,’ म्हणायचे. तुम्ही दोघांनी ठरवून घेतल्यासारखं!

पण एक विचारते. बाजारातून येताना तुम्हाला धाप लागायची. “हवा दमट हाय,” म्हणायचात. डॉक्टरकडे चला म्हटलं की, “तुझं बघ आधी.” माझ्या पापणीवर एवढा संशय आणि स्वतःच्या छातीवर एवढा विश्वास? असं कसं, आई? गेल्या वर्षी डोक्यावरची टोपली उतरवून ओट्यावर टेकलात, त्या उठलाच नाहीत.

काल संध्याकाळी मी उंबऱ्यात उभी राहिले. सुनीलला म्हटलं, “मासे म्हण.”

तुमचा कारखान्यात जाणारा मुलगा! बोंबील आधी, मांदेली नंतर, शिंगाळा विसरला. मी वरच बघत होते. “रावस,” म्हणाला, आणि उत्साहात पुढे, “पाप—”

मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

तो हाताआडून म्हणाला, “अगं, झालीस ना बरी!”

“होडी लागली का?”

तुमचाच मुलगा, कळलं त्याला. म्हणाला, “आता हात काढ की.” हात अजून तिथेच होता. थरथरत नव्हता.

पेढा रात्रभर फळीवर ठेवला. आज सकाळी खाल्ला. एका दिवसाने काय कळणार, हे मलाही माहीत आहे. पण चव चांगली होती.

रोज दिवेलागणीला वर बघेन, आई. रावसपाशी थांबेन. पापणी जड वाटली तर हवेला दोष देणार नाही, सरळ डॉक्टरांकडे जाईन. आणि या घरात पुन्हा कुणाला धाप लागली, तर त्याचं ऐकणार नाही. हाताला धरून नेईन.

होडी अजून दर्यात आहे. तरंगते आहे.

तुमची सून,
रेखा